अब्दुल्ला यूसुफ अली : विलायतेत न जमलेला संसार

पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणीकडच्या कितीतरी मुस्लिम घरांत कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, जुजदानात गुंडाळलेल्या कुरआन मजीदच्या शेजारी एक जाडजूड इंग्रजी तर्जुमा ठेवलेला असतो. कुणी हजहून येताना आणलेला, कुणाच्या भावाने सौदीहून पाठवलेला. त्यावर नाव असतं अब्दुल्ला यूसुफ अली. १० डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्यांच्या इल्मबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. आज आम्हाला लिहायचंय ते त्यांच्या घराबद्दल.

याला कारण आहे. आमच्या भागात आता लग्नाची बोलणी सुरू झाली की दुसरा-तिसरा प्रश्न हाच असतो : मुलगा दोह्याला आहे, दुबईला आहे, मस्कतला आहे, मग मुलीला बरोबर नेणार की इथे सासूजवळ ठेवणार? फॅमिली व्हिसा कधी होणार? तारापूरच्या एमआयडीसीत चार-पाच वर्षं काम शिकायचं आणि आखातात जायचं, ही वाट आता रुळली आहे. शाळेत आमच्यासमोर बसणाऱ्या मुलांत अब्बांना फक्त मोबाईलच्या स्क्रीनवर पाहणारी मुलं आहेत. तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वी परदेशात संसार मांडलेल्या, आणि तोही एवढ्या मोठ्या आलिमाच्या, घरात काय झालं हे पाहायला हरकत नसावी.

यूसुफ अलींचा जन्म १४ एप्रिल १८७२ रोजी सूरतेत झाला. घराणं मुळात बोहरा. वालिद पोलिसात होते आणि पुढे त्यांना खान बहादूर हा किताब मिळाला. मुलगा चार-पाच वर्षांचा असतानाच अरबी वाचायला बसला. कुरआनचा खत्म झाला तेव्हाचा छोटासा समारंभ त्यांना म्हातारपणापर्यंत अंधुक आठवत होता, आणि अरबीची गोडी आपल्याला वडिलांनीच लावली असं ते सांगत. पुढच्या शिक्षणासाठी मुलगा मुंबईला आला. सूरतेहून मुंबईला येणारा लोहमार्ग आपल्या बोईसर-पालघरवरूनच जातो. हे शिक्षण सुरू झालं अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेत. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७४ साली अंजुमनची स्थापना केली होती, म्हणजे संस्था तेव्हा अगदी नवी होती. त्यानंतर मिशनऱ्यांची विल्सन शाळा आणि कॉलेज. १८९१ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.ए. पहिल्या वर्गात. वय फक्त एकोणीस. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि मुलगा केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. त्याच वर्षी वालिद वारले.

कायद्याची पदवी, मग आयसीएसची परीक्षा. त्या काळी हिंदी मुलाने आयसीएस होणं म्हणजे गावाने मिरवणूक काढावी अशी गोष्ट. जानेवारी १८९६ मध्ये सहारनपूरला नेमणूक झाली.

१९०० साली इंग्लंडमधल्या बोर्नमथ गावी, सेंट पीटर्स चर्चमध्ये त्यांनी तेरेसा मेरी शॉल्डर्स या इंग्रज मुलीशी लग्न केलं. चर्चमध्ये, हो. वाचणाऱ्याच्या कपाळावर इथे आठी पडेल, आमच्याही पडली होती. पण तो तरुण त्या वेळी इंग्रजांचं राज्य आणि आपली माणसं यांच्यामध्ये पूल बांधता येतो असं मनापासून मानत होता, आणि लग्न हा त्याच पुलाचा एक भाग असावा. मुलांची नावं बघा : एडरिस, असगर ब्लॉय, ऑल्बन हैदर, लैला तेरेसा. अर्धं नाव इकडचं, अर्धं तिकडचं. नावात दोन घरं जोडणं सोपं असतं.

१९०१ ते १९०६ या काळात ही चार मुलं झाली. तेरेसाबाई मुलांना घेऊन इंग्लंडात राहिल्या. कधी टनब्रिज वेल्स, कधी सेंट ऑल्बन्स, कधी नॉर्विच. नवरा हिंदुस्तानात, संयुक्त प्रांतातल्या जिल्ह्यांत. आगबोटीने गेलेलं पत्र पोचायला दोन-तीन आठवडे लागत आणि उत्तर यायला पुन्हा तेवढेच. पोराला ताप आला असं तिने लिहिलं, तर काळजीचं उत्तर हातात पडेपर्यंत तो पोरगा बरा होऊन खेळायलाही लागलेला असणार. आज आमच्याकडच्या मुली रोज रात्री दहा वाजता व्हिडिओ कॉल करतात, तरी महिन्याच्या शेवटी घरात धुसफूस असतेच. तिथे तर सगळा संसार टपालावर होता.

१९०५ मध्ये ते दोन वर्षांच्या रजेवर विलायतेला गेले. ही संधी होती असं आम्हाला वाटतं. रजेची ती दोन वर्षं घराला कितपत मिळाली कोण जाणे. दिसतं ते बाहेरचं काम. १९०६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये त्यांनी व्याख्यान दिलं आणि तिथल्या विद्वानांत त्यांचं नाव झालं. मोठमोठ्या संस्थांची सभासदत्वं आली. मग रजा संपली. पुन्हा हिंदुस्तान, पुन्हा सरकारच्या अर्थखात्यात बढती, पुन्हा फाईल.

१९१० मध्ये तेरेसाबाईंना दुसऱ्या पुरुषापासून मूल झालं. १९१२ पर्यंत तलाक झाला. कोर्टाने चारही मुलांचा ताबा वडिलांना दिला. कागदावर ते जिंकले. पण कमवायला हिंदुस्तानात राहणारा बाप चार लहान मुलांचं करणार काय? इंग्लंडमध्ये मुलांसाठी एक गव्हर्नेस ठेवली आणि ते परतले. म्हणजे मुलांची आई गेली आणि अब्बाही आले नाहीत.

तेरेसाबाईंकडून जे झालं त्याला चूक म्हणावंच लागेल, ते आम्ही झाकत नाही. पण सगळं माप एकट्या बाईच्या पदरात टाकून मोकळं व्हायची आपल्या समाजाला सवय आहे. परक्या नव्हे, स्वतःच्याच देशात ती बाई परकी झाली होती : हिंदी मुसलमानाची बायको, सहा वर्षांत चार बाळंतपणं, गावं बदलत राहायची आणि नवरा सात समुद्रापार. तिच्या शेजारी त्या वेळी कोण होतं, हे विचारणारं कुणी दिसत नाही.

१९१४ मध्ये यूसुफ अलींनी आयसीएसचा राजीनामा दिला आणि विलायतेत राहायला आले. मुलांजवळ यायचंही मनात असेल. पण उशीर झाला होता. मुलं वडिलांना आपलं मानायलाच तयार नव्हती. बाहेर मात्र मान मोठा : वोकिंगच्या शाहजहान मशिदीचे ते विश्वस्त होते, पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारच्या बाजूने केलेल्या प्रचाराबद्दल १९१७ मध्ये सीबीई हा किताब मिळाला. त्या वेळी तुर्कस्तानच्या खलिफाविरुद्धच्या युद्धात इंग्रजांची बाजू घेणं अनेक मुसलमानांना खटकलं होतं, आणि ते खटकणं चुकीचं नव्हतं.

१९२० मध्ये त्यांनी गर्ट्रूड ॲन मॉबी यांच्याशी दुसरं लग्न केलं. त्यांनी मासूमा हे नाव घेतलं. या वेळी यूसुफ अलींनी आधीची चूक केली नाही, बायकोला बरोबर घेऊन ते हिंदुस्तानात आले. एक कारण असंही होतं की पहिल्या मुलांचा या जोडप्याला फार त्रास होता. १९२१-२२ मध्ये हैदराबादेत निजामाच्या सरकारात ते महसूलमंत्री होते. इंग्लंडातून आलेली मासूमा आता परदेशात, आणि नवरा स्वतःच्या मुलखात. रशीद नावाचा मुलगा झाला. तरी हैदराबाद सुटलं, मग वकिली, मग १९२५ पासून लाहोरच्या इस्लामिया कॉलेजचं प्राचार्यपद, मध्येच १९२८ मध्ये लीग ऑफ नेशन्ससाठी परदेशवारी. हेही लग्न टिकलं नाही. बिऱ्हाड इतक्या वेळा उचललं की कुठल्याच शहरात दूधवाला ओळखीचा झाला नसेल. लंडनला गेले की ते नॅशनल लिबरल क्लबमध्ये उतरत. ज्या शहरात चार मुलांचे वडील म्हणून घराचं दार उघडायला हवं होतं, तिथे क्लबची खोली.

याच वर्षांत तो तर्जुमा झाला. १९३४ पासून लाहोरच्या शेख मुहम्मद अशरफ यांनी तो भागाभागाने छापायला घेतला, आणि सहा हजारांहून जास्त टिपांसह तो पुरा झाला. प्रस्तावनेत त्यांनी घरच्या दुःखाचा उल्लेख केलाय. नाव कुणाचं नाही, तक्रार नाही. त्या दुःखाने आपलं भान सुटायची वेळ आली होती आणि या कामाने आपल्याला सावरलं, एवढाच मतलब. सूरह रूमची एकविसावी आयत आपल्याकडे निकाहच्या दावतनाम्यावर हमखास छापतात. अल्लाहने तुमच्यातूनच तुमचे जोडीदार निर्माण केले की त्यांच्याजवळ तुम्हाला सुकून मिळावा, आणि तुमच्यात प्रेम व दया ठेवली, असा तिचा अर्थ. ती आयत इंग्रजीत उतरवताना या माणसाच्या मनात काय आलं असेल, हा विचार आम्ही दावतनामा हातात आला की करतो.

१९३८ मध्ये कॅनडात एडमंटनला अल-रशीद मशिदीचं, म्हणजे त्या देशातल्या पहिल्या मशिदीचं, उद्घाटन त्यांच्या हातून झालं. जगभर मान होता. पण पहिल्या बायकोपासूनच्या मुलांशी समेट कधीच झाला नाही. दुसऱ्या मुलाने, असगरने, आपला किती छळ आणि अपमान केला हे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं. बापाने मृत्युपत्रात पोटच्या मुलाबद्दल असं लिहावं लागणं म्हणजे काय, ते बापच जाणे.

शेवटची वर्षं लंडनमध्येच गेली. कधी क्लब, कधी नुसती रस्त्याने भटकंती. स्मरण साथ देईना. ९ डिसेंबर १९५३ च्या त्या थंडीत पोलिसांना ते बाहेर, भ्रमिष्ट अवस्थेत सापडले. वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमध्ये नेलं, दुसऱ्या दिवशी तिथून सोडलं. मग चेल्सीतल्या डोव्हहाऊस स्ट्रीटवरच्या सरकारी वृद्धाश्रमात. तिथे हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच दिवशी, १० डिसेंबरला, फुलहॅमच्या सेंट स्टीफन्स हॉस्पिटलमध्ये इंतकाल झाला. वय एक्क्याऐंशी. मय्यत ताब्यात घ्यायला घरचं कुणी आलं नाही.

खबर पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयात पोचली आणि तिथल्या लोकांनी दफनाचा बंदोबस्त केला. वोकिंगजवळ ब्रुकवुड इथे कब्रस्तानचा मुस्लिम भाग आहे, तिथे मरहूमना सुपूर्द-ए-खाक केलं. कुरआनचे दुसरे मोठे इंग्रजी भाषांतरकार मार्माड्यूक पिकथॉल यांची कबरही त्याच ब्रुकवुडमध्ये आहे. ते १९३६ मध्ये गेले होते.