विश्लेषण : संपामुळे नऊ सामन्यांत आटोपलेला हंगाम आणि जॉर्ज हॅलास... खेळाडूचा मालक झाल्यावर वाट्याचे गणित कसे बदलते?

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगच्या, म्हणजेच एनएफएलच्या खेळाडूंनी सप्टेंबर १९८२ मध्ये संप पुकारला. मैदाने ५७ दिवस ओस पडली आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला १६ ऐवजी नऊच सामने आले. शिकागो बेअर्स संघाने त्यांतील तीन जिंकले, सहा गमावले. संघाचे मालक जॉर्ज हॅलास तेव्हा ८७ वर्षांचे होते आणि अखेरपर्यंत पाहिलेला हा त्यांचा शेवटचा हंगाम ठरला. खेळाडूंना उत्पन्नात ठरावीक टक्के वाटा हवा होता. विशेष म्हणजे, ६२ वर्षांपूर्वी हॅलास स्वतः अशाच वाट्यावर खेळत होते.

हॅलास कोण होते?

जॉर्ज हॅलास यांचा जन्म २ फेब्रुवारी १८९५ रोजी शिकागोत, बोहेमियातून स्थलांतरित झालेल्या कुटुंबात झाला. इलिनॉय विद्यापीठात त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. जुलै १९१५ मध्ये एका कंपनीच्या सहलीसाठी ते ‘ईस्टलँड’ या जहाजातून जाणार होते. निघायला उशीर झाला आणि ते वाचले. धक्क्यालाच उलटलेल्या त्या जहाजावरील ८४४ जणांचा मृत्यू झाला. पहिल्या महायुद्धात ते नौदलात होते. नौदलाच्या संघाकडून खेळताना १९१९ च्या ‘रोझ बोल’ सामन्यात ते सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीज संघाकडून ते बेसबॉलही खेळले. पण कंबरेच्या सांध्याच्या दुखापतीने ती कारकीर्द १२ सामन्यांतच संपली.

लीगचा जन्म कसा झाला?

इलिनॉयमधील डिकेटर येथे स्टेली या स्टार्च उत्पादक कंपनीने १९२० मध्ये हॅलास यांना नोकरी दिली. कारखान्यात काम करायचे आणि कंपनीचा फुटबॉल संघ उभारायचा, अशी ती दुहेरी जबाबदारी होती. खेळाडूंना कंपनीत नोकरी, कामाच्या वेळेत सराव आणि तिकीटविक्रीच्या उत्पन्नात हिस्सा मिळत असे. १७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायोतील कँटन येथे मोटारींच्या एका विक्रीदालनात संघांचे प्रतिनिधी जमले आणि लीगची स्थापना झाली. हॅलास त्या बैठकीत होते.

पुढच्याच वर्षी मंदीमुळे स्टेली यांना संघाचा खर्च झेपेना. त्यांनी हॅलास यांना पाच हजार डॉलर दिले, एका हंगामापुरते कंपनीचे नाव ठेवण्याची अट घातली आणि संघ शिकागोला नेण्यास सांगितले. १९२२ मध्ये संघ ‘बेअर्स’ झाला आणि लीगला आजचे नाव मिळाले. हॅलास आता भागीदारीत मालक, प्रशिक्षक आणि खेळाडू असे तिन्ही होते. १९२३ मध्ये विख्यात खेळाडू जिम थॉर्प यांच्या हातून निसटलेला चेंडू घेऊन ते ९८ यार्ड धावले. तो विक्रम १९७२ पर्यंत टिकला.

खेळाडूला उत्पन्नात वाटा कधी मिळाला?

व्यावसायिक फुटबॉलला १९२५ पर्यंत फारशी प्रतिष्ठा नव्हती. गर्दी व्हायची ती महाविद्यालयीन सामन्यांना. हॅलास यांनी त्या वर्षी महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वात लोकप्रिय खेळाडू रेड ग्रेंज याला करारबद्ध केले. ठरलेल्या पगाराऐवजी ग्रेंज आणि त्याच्या व्यवस्थापकाला तिकिटांच्या उत्पन्नात मोठा वाटा देण्यात आला. बेअर्सने देशभर दौरा केला. न्यूयॉर्कमधील एका सामन्याला सुमारे ७० हजार प्रेक्षक आले आणि तेथील डबघाईला आलेला जायंट्स संघही सावरला. प्रेक्षक खेळाडूसाठी येतात आणि खेळाडूला वाटा दिला तरी मालकाचे भले होते, हे त्या दौऱ्यातून दिसले. पण हा अपवाद होता. इतर खेळाडूंच्या मानधनाबाबत हॅलास यांचा हात आखडताच राहिला.

चित्रवाणीच्या पैशाची समान वाटणी का झाली?

प्रशिक्षक म्हणून हॅलास यांनी दहा-दहा हंगामांच्या चार टप्प्यांत ४० हंगाम काढले. मधल्या काळात, दुसऱ्या महायुद्धात, ते पुन्हा नौदलात गेले. १९४० च्या अंतिम लढतीत त्यांच्या संघाने वॉशिंग्टनला ७३-० असे हरवले. १९६७ च्या हंगामानंतर ते थांबले तेव्हा त्यांच्या नावावर ३२४ विजय आणि सहा विजेतेपदे होती.

मालक म्हणून त्यांचा एक निर्णय याहून दूरगामी ठरला. १९६० च्या दशकाच्या आरंभी चित्रवाणी प्रक्षेपणाचा पैसा सर्व संघांत समान वाटण्याचा प्रस्ताव आला. शिकागोसारख्या मोठ्या शहरातील संघाला स्वतंत्र करार करून अधिक कमाई करता आली असती. तरीही हॅलास यांनी समान वाटणीला साथ दिली. ग्रीन बेसारख्या लहान शहरातील संघ त्यामुळे तगले. या कारकिर्दीला काळी बाजूही आहे. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लीगमधील सर्वात वजनदार मालकांपैकी एक असलेल्या हॅलास यांना ती जबाबदारी टाळता येत नाही.

१९८२ चा संप कशासाठी होता?

मालकांनी आपसांत समान वाटलेला हाच पैसा पुढे फुगत गेला. १९८२ मध्ये तीन वाहिन्यांशी झालेला पाच वर्षांचा करार सुमारे दोन अब्ज डॉलरचा होता. खेळाडूंच्या संघटनेने लीगच्या एकूण उत्पन्नाच्या ५५ टक्के रकमेची मागणी केली. मालकांनी ती फेटाळली. टक्केवारी मान्य करणे म्हणजे खेळाडूंना भागीदार मानणे, आणि त्याला त्यांची तयारी नव्हती. हंगामाचे दोन आठवडे उलटल्यावर, २१ सप्टेंबरला संप सुरू झाला. तो १६ नोव्हेंबरला मिटला तेव्हा सेवाकाळानुसार किमान मानधन, निवृत्त होताना एकरकमी भरपाई आणि सर्वांच्या करारांच्या प्रती मिळण्याचा संघटनेचा हक्क या गोष्टी पदरात पडल्या. टक्केवारी मात्र मिळाली नाही.

त्या हंगामात बेअर्सचे काय झाले?

त्या वर्षी जानेवारीत हॅलास यांनी माइक डिट्का यांना प्रशिक्षक नेमले होते. हे तेच डिट्का, ज्यांचे मानधनावरून हॅलास यांच्याशी खटके उडाले आणि ज्यांना १९६७ मध्ये फिलाडेल्फियाला धाडण्यात आले. त्याआधी बचावफळीतील खेळाडूंनी आपले प्रशिक्षक बडी रायन यांना कायम ठेवावे, असे पत्र मालकांना लिहिले होते. खेळाडूंच्या संघटनेची मागणी फेटाळणाऱ्या मालकवर्गातील या वृद्धाने आपल्या खेळाडूंचे पत्र मात्र मानले. जिम मॅकमहॉन हा तरुण क्वार्टरबॅकही त्याच वर्षी संघात आला. संपापूर्वीचे दोन्ही सामने बेअर्सने गमावले. संपानंतरच्या सातपैकी तीन जिंकले. हंगाम तोकडा झाल्याने बाद फेरीत १६ संघांना जागा होती, तरी बेअर्सना स्थान मिळाले नाही.

पुढे काय घडले?

हॅलास यांचे ३१ ऑक्टोबर १९८३ रोजी कर्करोगाने निधन झाले. डिट्का, रायन आणि मॅकमहॉन यांच्या बेअर्सने जानेवारी १९८६ मध्ये ‘सुपर बोल’ जिंकला. हॅलास यांची आद्याक्षरे आजही संघाच्या जर्सीच्या बाहीवर असतात. १९८७ मध्ये आणखी एक संप झाला. अखेर १९९३ च्या करारात खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक मिळाली आणि मानधनाची मर्यादा लीगच्या उत्पन्नाशी टक्केवारीने जोडली गेली. हॅलास यांचा विजयांचा विक्रमही त्याच वर्षी डॉन शुला यांनी मोडला. डिकेटरच्या कारखान्यातील संघात खेळाडूंना मिळणारा उत्पन्नातील हिस्सा लीगच्या नियमांत यायला ७३ वर्षे लागली.