वाफेचे इंजिन बनवणारे अर्देशीर वाडिया

अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. ते पारशी होते. वाडिया घराण्यातले लोक पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडाची जहाजे बांधायचे. अर्देशीरसुद्धा १४ व्या वर्षीच गोदीत कामाला लागले. पण त्यांचे मन लाकडापेक्षा यंत्रातच जास्त रमायचे.

तेव्हा जहाजे शिडावर चालायची. वारा पडला की जहाज थांबले. विलायतेत वाफेची इंजिने निघाली होती. असे इंजिन आपण स्वतः करायचे, असे अर्देशीर यांनी ठरवले. त्यांनी माझगावला आपल्या घरीच कारखाना काढला. लोखंड ओतायची छोटी भट्टीपण केली. तिथे त्यांनी एक हॉर्सपॉवरचे वाफेचे इंजिन बनवले आणि त्याने विहिरीचे पाणी वर काढले. आपल्याकडे विहिरीवर आता तीन-पाच हॉर्सपॉवरची मोटर असते. माझे आजोबा सांगतात, त्यांच्या लहानपणी मोटेला बैल जुंपावे लागायचे. मग त्याच्याही कितीतरी आधी बिनबैलाचे पाणी वर आले, तेव्हा लोक बघतच राहिले असतील!

वाफेत एवढी ताकद कुठून येते? पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १७०० पट जास्त जागा लागते. भांड्यावरचे झाकण उडते ते यामुळेच. इंजिनात ही वाफ नळकांड्यात सोडतात. ती आतला दट्ट्या ढकलते, दट्ट्याचा दांडा पुढेमागे होतो व चाक फिरते. बॉयलर मात्र मजबूत पाहिजे. सांधा कच्चा राहिला तर तो फुटतो आणि माणसे मरतात. म्हणून हे काम फार जपून करावे लागते.

१८३३ साली अर्देशीर यांनी इंडस नावाची छोटी आगबोट पाण्यात सोडली. १८३४ साली घरात गॅसचे दिवे लावले. ते बघायला मुंबईचे गव्हर्नर आले होते. आपल्या देशातली पहिली प्रवासी रेल्वे मुंबईहून ठाण्याला गेली ती १८५३ साली, म्हणजे त्यानंतर १९ वर्षांनी.

१८३९ साली ते आणखी शिकायला इंग्लंडला गेले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद केले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्यानंतर तो रामानुजन यांना मिळाला, तोही १९१८ साली.

१८४१ सालीच ते मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य इंजिनियर झाले. त्यांच्या हाताखाली गोरे कामगार होते. हिंदी माणसाच्या हाताखाली गोऱ्यांनी काम करायचे, हे कित्येक इंग्रजांना खपले नाही. मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने तर विरोधात लिहिले. पण अर्देशीर भांडत बसले नाहीत. त्यांनी १८५७ पर्यंत तो कारखाना नीट चालवून दाखवला.

१६ नोव्हेंबर १८७७ रोजी इंग्लंडमधील रिचमंड येथे ते वारले. १९६९ साली भारत सरकारने त्यांचे पोस्टाचे तिकीट काढले.

मित्रांनो, इंजिन फक्त साहेबालाच करता येते, असे तेव्हा लोकांना वाटायचे. अर्देशीर यांनी ते घरच्या भट्टीवर करून दाखवले. आपणही बंद पडलेली वस्तू फेकायच्या आधी ती कशी चालत होती, ते उघडून बघावे. मात्र लाईटच्या वस्तूला हात लावू नये, ती मोठ्यांकडून उघडून घ्यावी.

— इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, जि. हिंगोली