हरिभाऊ आपटे : आठवड्याच्या हप्त्यात रमलेली प्रतिभा

मराठी कादंबरीला पाऱ्या-राजकन्यांच्या अद्‌भुत प्रदेशातून उचलून पुण्याच्या वाड्यातील माजघरात आणून बसविण्याचे श्रेय हरी नारायण आपटे यांना निर्विवादपणे दिले जाते. परंतु हे युगप्रवर्तक कार्य करणाऱ्या लेखकाचा दिनक्रम पाहिला, तर तो एखाद्या कार्यमग्न गृहस्थाचा वाटतो. एकांत, स्वस्थता, दीर्घ चिंतन हे लेखकाला आवश्यक मानले जाणारे वैभव त्यांच्या वाट्याला क्वचितच आले.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. मातृछत्र बालपणीच हरपले. एकत्र कुटुंबात, वडीलधाऱ्यांच्या धाकात त्यांची वाढ झाली. मुंबईहून पुण्यास आल्यावर विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या सहवासाने त्यांची वाङ्मयीन दृष्टी घडली. १८८२ साली शास्त्रीबोवांचे निधन झाले, तेव्हा या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ हे शोककाव्य रचले. आगरकरांनी केलेल्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर त्यांनी विद्यार्थिदशेतच विस्तृत टीकालेख लिहिला. संस्कृत व इंग्रजी ग्रंथांचे वाचन अफाट होते. गणिताशी मात्र त्यांचे कधी जमले नाही, आणि पदवी हाती आलीच नाही.

पदवीची वाट बंद झाली तरी कामाची वाट खुली होती. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. जुन्या संस्कृत पोथ्या जमवाव्यात, त्यांचे पाठ ताडून पाहावेत आणि शुद्ध ग्रंथ छापावेत, हा तिचा उद्देश. या संस्थेची व्यवस्था हरिभाऊंनी अखेरपर्यंत सांभाळली. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि जवळजवळ सत्तावीस वर्षे चालविले. त्याखेरीज पुणे नगरपालिकेचे सभासदत्व, काही काळ अध्यक्षपद, नूतन मराठी विद्यालयाचे काम, सभा-संमेलने हे सर्व होतेच. या धबडग्यातच त्यांच्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या.

येथे एक मोठी गंमत दिसते. आनंदाश्रमात एकेका अक्षरासाठी अनेक पोथ्या समोर ठेवून पाठभेद पाहिले जात. पाठ निश्चित झाल्याशिवाय फर्मा छपाईला जात नसे. ‘करमणूक’साठी लिहिताना मात्र त्याच गृहस्थाला मागे वळून पाहण्याची सवड नव्हती. कादंबरीचे प्रकरण लिहून झाले की ते छापले जाई, वाचकांच्या हाती पडे, आणि पुढच्या आठवड्यास पुढचे प्रकरण तयार असावे लागे. गेल्या महिन्यातील चूक आता सुधारता येत नसे. पात्राच्या तोंडी एकदा घातलेले शब्द परत घेता येत नसत. अशा लेखनाला आधी आखलेला नकाशा फारसा उपयोगी पडत नाही. तेथे पात्राचे बोट धरून चालावे लागते.

हरिभाऊंची उपजत प्रवृत्ती या पद्धतीला अनुकूल होती. १८८५ साली ‘पुणेवैभवा’तून आलेल्या ‘मधली स्थिती’ला इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्‌सच्या एका कथानकाचा आधार होता. परंतु ‘पण लक्षांत कोण घेतो’मध्ये यमूने स्वतः बोलावयास आरंभ केला आणि परक्या आधाराची गरज उरली नाही. माहेरचा धाक, सासरचा जाच, रघुनाथरावांच्या सहवासातील मुंबईचे थोडे सुखाचे दिवस, आणि वैधव्यानंतर शंकरमामंजींच्या घरात झालेली तिची विटंबना ही कथा एखाद्या बाईने दुपारी ओटीवर बसून सांगावी, तशी उलगडत जाते. ती मध्येच थांबते, मागचे आठवते, क्षुल्लक गोष्टीत गुंतते. हा पाल्हाळ आहे खरा. पण या पाल्हाळातूनच यमू आपल्या घरातील वाटू लागते. घट्ट बांधलेल्या कथानकात ती कदाचित सुधारणेचा एक दाखला होऊन राहिली असती.

हाच स्वाभाविकपणा ‘मी’मधील भावानंदाच्या आत्मनिवेदनात आहे, आणि शिवकालाच्या उदयावरील ‘उषःकाला’तही आहे. इतिहासातील माणसेही त्यांनी घरातल्या माणसांसारखी बोलकी केली.

या वृत्तीची किंमतही हरिभाऊंना मोजावी लागली. कथेचा शेवट आधी ठरलेला नसल्याने, किंवा इतर कामांचा ताण वाढल्याने, त्यांच्या अनेक कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. ‘गणपतराव’, ‘यशवंतराव खरे’, ‘आजच’, ‘कर्मयोग’ ही त्यांतील ठळक नावे. पुढील टीकाकारांनी त्यांच्यावर विस्ताराचा व रचनेच्या शैथिल्याचा आक्षेप घेतला, तो निराधार नाही. मात्र जी लेखनपद्धती या दोषांना कारण झाली, तिनेच यमूला वाचा दिली, हे विसरून चालणार नाही. एक हवे आणि दुसरे नको, असे म्हणण्याची सोय येथे नाही.

१९१२ साली अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्न वर्षे पुरी होण्यास पाच दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले. वीसहून अधिक कादंबऱ्या आणि ‘स्फुट गोष्टीं’चे चार भाग एवढा संसार त्यांनी नोकरी, संस्था आणि नगरपालिका सांभाळून उभा केला.

ग्रंथालयांच्या जुन्या कपाटांत हरिभाऊंच्या पुऱ्या आणि अपुऱ्या कादंबऱ्या शेजारी शेजारी उभ्या असतात. अपुरी कादंबरी सहसा कोणी घरी नेत नाही. परंतु ‘पण लक्षांत कोण घेतो’ वाचून परत करणाऱ्या वाचकाने एकदा ‘गणपतराव’ही अवश्य न्यावी. शेवटाची खात्री नसताना, पुढच्या प्रकरणावर भरवसा ठेवून, एक मोठा लेखक आपल्या माणसांबरोबर कसा चालत राहिला, हे तिच्या पानांवर उघड दिसते.