तीन फेजांचा हिशेब मांडणारे चार्ल्स फोर्टेस्क्यू

आपल्या बमरोली-पांडेसऱ्याच्या लूम कारखान्यांत मराठी घरांतली कितीतरी माणसे राबली आहेत. तिथे 'एक फेज गेला' म्हणजे काय, हे कुणाला सांगावे लागत नाही. मोटर घुमते, तापते आणि वेळीच बंद केली नाही तर जळते. रिवाइंडिंगचा खर्च मालकाचा, बुडालेली मजुरी कारागिराची. मोटर अशी का जळते, हे ज्यांच्या गणिताने उलगडते, त्या चार्ल्स फोर्टेस्क्यू यांची ओळख आम्ही आज सभासदांना करून देत आहोत.

त्यांचा जन्म १८७६ चा, कॅनडात हडसन उपसागराच्या काठी, यॉर्क फॅक्टरी या ठाण्यावर. नाव फॅक्टरी असले तरी ती हडसन बे कंपनीची, जनावरांच्या केसाळ कातड्यांच्या व्यापाराची वखार होती. वखार म्हणजे काय, हे सुरतकरांना वेगळे सांगायला नको! वडील त्याच कंपनीच्या नोकरीत. मुलगा मात्र विजेकडे वळला. १८९८ मध्ये किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून इंजिनीअर होऊन ते अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीत लागले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

१९१३ च्या सुमारास रेल्वेच्या विद्युतीकरणाचे काम करताना असमतोल फेजांचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. तिन्ही फेज सारखे असले की हिशेब सोपा. एक कमीजास्त झाला की सगळी आकडेमोड गुंतते. त्यावरचा उपाय त्यांनी २८ जून १९१८ रोजी अटलांटिक सिटी येथे इंजिनीअरांच्या सभेत मांडला.

आम्ही बँकेतली माणसे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. गुंतलेले एक खाते त्यांनी तीन स्वच्छ खात्यांत फोडून दाखवले. पहिल्या खात्यातला प्रवाह मोटर सुलट फिरवतो. दुसऱ्यातला तिला उलट फिरवू पाहतो आणि तापवतो. तिसऱ्यात तिन्ही फेजांचा प्रवाह एकाच वेळी एकाच दिशेने चालतो आणि न्यूट्रल किंवा जमिनीवाटे परततो. तिन्हींची बेरीज केली की मूळ आकडा बरोबर जुळतो.

यातून बिघाड ओळखण्याची वाट सापडली. उलटे खाते वाढले तर फेज असमतोल आहेत. तिसरे वाढले तर वीज बहुधा जमिनीत उतरते आहे. असा बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणाऱ्या रिलेंना हे गणित फार उपयोगी पडले. १९३२ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना पदक दिले. १९३६ मध्ये ते वारले.

पुढे अरुण फडके या मराठी नावाच्या इंजिनीअरांनी अमेरिकेत हेच गणित संगणकावर चालणाऱ्या रिलेसाठी वापरले. १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात त्यांच्या गटाने दूरदूरच्या वीजकेंद्रांची स्थिती एकाच क्षणी मोजणारे यंत्र तयार केले. २००८ मध्ये फडके आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प यांचा गौरव त्याच फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने केला, हे वाचून आम्हाला विशेष आनंद झाला.

लूमच्या पॅनलमध्ये बसवलेला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर पुष्कळदा ते उलटे खातेच पाहत असतो. काम थांबू नये म्हणून काही जण त्याला बगल देऊन तार जोडतात. सभासदांनी आपापल्या कारखान्यात तो चालू आहे ना, एवढे एकदा पाहून घ्यावे.