एका गुणाच्या उत्तरामागची यमुना



आपल्या नातवंडांनाही वाचता येईल असे सामान्यज्ञानाचे एक पान स्मरणिकेत असावे, असे समितीने सुचवले. मी आपल्या कल्याणचाच विषय निवडला. भारतातील पहिली महिला डॉक्टर कोण, हा प्रश्न आपण सर्वांनी कधी ना कधी एका गुणासाठी सोडवला आहे. 'आनंदीबाई जोशी' असे लिहायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. त्या एका गुणात जे मावत नाही, ते इथे सांगते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. बालपण कल्याणात गेले. ठाण्यापुढे कल्याणपर्यंत आगगाडी आली १ मे १८५४ रोजी, म्हणजे यमुना जन्मली तेव्हा गावाला रेल्वे येऊन अकराच वर्षे झाली होती. घराणे एकेकाळचे सुखवस्तू, पण परिस्थिती उतरलेली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला, बिजवर आणि वयाने तिच्याहून कितीतरी मोठे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

बायकोला शिकवायचे, हा गोपाळरावांचा ध्यास होता. त्या काळी ही गोष्ट विलक्षणच. पण ही गोष्ट मुलांना सांगताना आपण तिचा दुसरा भाग गाळतो. अभ्यास झाला नाही की ते आनंदीला मारत, हाताला येईल ते फेकत, सोडून जाण्याची धमकी देत. पुढे अमेरिकेतून तिने स्वतःच त्यांना पत्रात याची आठवण करून दिली. तिला शिकवणारा हात आणि मारणारा हात एकच होता. एक झाकून दुसरा दाखवला तर तिचे चरित्र खोटे ठरेल.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले नाहीत. पुरुष डॉक्टरपुढे जायला संकोच आणि स्त्री डॉक्टर नाहीच, अशा कोंडीत बायका दुखणी अंगावर काढत. डॉक्टर होण्याचे तिच्या मनात आले, त्याचे मूळ या दहा दिवसांत आहे.

गोपाळरावांनी कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ते पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले. दंतवैद्याकडे ताटकळत बसल्या असताना त्यांनी ते वाचले म्हणतात. त्यांनी आनंदीला लिहिले, आनंदीने उत्तर दिले, आणि न पाहिलेल्या बाईशी मावशीचे नाते जुळले.

बदल्या होत होत जोडपे बंगालमधल्या श्रीरामपूरला पोहोचले. आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, हुगळीकाठचे. दोघांनी मिळून जाणे जमत नव्हते, तेव्हा आनंदीने एकटीने जायचे ठरवले. समाजातून विरोध झाला. १८८३ च्या सुरुवातीला तिथल्या कॉलेजात तिने जाहीर भाषण केले. देशाला स्त्री डॉक्टरांची गरज का आहे ते सांगितले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन अशी ग्वाही दिली. ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोट सुटली, तेव्हा अठरा वर्षे पूर्ण होऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता.

फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० साली स्थापन झालेले. तिथे आनंदीबाई तीन वर्षे शिकल्या. थंडी सोसवत नव्हती, शाकाहारामुळे जेवणाचे हाल होते, प्रकृती खालावत गेली. १० ऑक्टोबर १८८५ चे तिथले एक छायाचित्र आजही पाहायला मिळते. लुगडे नेसलेल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशीच्या वेषातल्या सीरियाच्या सबात इस्लामबूली. आपल्या दहावीच्या ग्रुप फोटोइतकेच ते मला जवळचे वाटते.

११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई आवर्जून आल्या होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्री विभागाच्या प्रमुखपदी नेमणूकही झाली. पण मायदेशी परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण नव्हती. पदवी आणि मृत्यू यांत अंतर ३५२ दिवसांचे.

हे सारे ऐकून माझ्या नातीने विचारले, मग त्यांनी किती पेशंट बरे केले? प्रश्न रास्त होता. कोल्हापूरला रुजू होण्याइतकी तब्येत सुधारलीच नाही, असे मी तिला सरळ सांगितले. मग कादंबिनी गांगुलींबद्दल सांगितले. त्यांनी त्याच १८८६ साली कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि पुढे अनेक वर्षे रुग्ण तपासले. मुंबईच्या रखमाबाईंबद्दलही सांगितले. बालपणी लादलेल्या लग्नाविरुद्ध त्या कोर्टात लढल्या, इंग्लंडमध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. आनंदीबाईंना जे काम करायला मिळाले नाही, ते या दोघींनी केले.

म्हणून पहिला नंबर हे मला त्यांचे मोठेपण वाटत नाही. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या मुलीने ते दुःख नशिबावर ढकलले नाही. यावर उपाय असतो आणि तो शिकता येतो, असे तिने मानले व त्यासाठी समुद्र ओलांडला. ही रीत वर्गात आपल्या गुरुजनांनी आपल्यालाही शिकवली आहे: का झाले ते विचारा आणि उत्तर शोधायला उठा.

आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. आपल्यापैकी अनेकांची मुले आज अमेरिकेत आहेत. कधी तिकडे जाणे झाले, तर कल्याणच्या या लेकीसाठी तिथे दोन फुले जरूर वाहा.