विरजणात दीर्घायुष्य शोधणारे मेचनिकॉफ

दुधाला विरजण लावणे ही आपल्याकडे घरोघरची गोष्ट. त्या विरजणातील जिवाणूंकडे वार्धक्यावरचा उपाय म्हणून जगाचे लक्ष वेधले ते रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी. आजच्या युक्रेनमधील खारकोवजवळ मे १८४५ मध्ये त्यांचा जन्म झाला. पहिली पत्नी ल्युदमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली आणि त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. १८८१ मध्ये तसाच प्रसंग पुन्हा ओढवला. आयुष्य वाढविण्याचा ध्यास पुढे याच माणसाने घ्यावा, याचे नवल वाटते.

१८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात त्यांनी काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. रोगजंतू गिळून शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींचा हा शोध. त्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिक यांच्यासह मिळाले.

१८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे ओडेसातील त्यांचे विद्यार्थी. पाश्चर संस्थेत त्यांचा प्रवेशही गुरूंमुळेच झाला.

मोठ्या आतड्यात अन्न कुजविणारे जिवाणू विषद्रव्ये निर्माण करतात आणि त्यामुळे म्हातारपण लवकर येते, असे मेचनिकॉफ यांचे मत बनले. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांच्या आहारात दही असे. त्या दह्यातील जिवाणू १९०५ मध्ये स्टॅमेन ग्रिगोरोव्ह यांनी शोधला होता. त्याने तयार केलेले लॅक्टिक आम्ल कुजण्यास आळा घालील, असा मेचनिकॉफ यांचा तर्क. ते स्वतः नेमाने आंबट दूध घेत. पाहता पाहता युरोपात त्याची लाट आली. विरजणाच्या गोळ्याही विकल्या जाऊ लागल्या.

शंभरी मात्र त्यांना गाठता आली नाही. जुलै १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९२० च्या सुमारास येल विद्यापीठातील रेटगर आणि शेप्लिन यांनी हा जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करीत नसल्याचे दाखविले. सिद्धांत ढासळला, पण जिवाणू दुधात काय काय घडवितात हा प्रश्न मागे उरला. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम यांचे काही वाण लिनोलेइक या मेदाम्लाचे संयुग्मी रूप तयार करतात, हे आता ठाऊक आहे. निवडक विरजणाने दह्यात ते वाढविण्याचे प्रयोगही झाले आहेत. प्राण्यांवरील चाचण्यांत ते गुणकारी दिसले. माणसांबाबतचा पुरावा अजून संमिश्रच आहे.

मेचनिकॉफ यांची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात एका कलशात जपून ठेवलेली आहे.