सात बियांची ठेव

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, राज्य चहाचेच. कॉफी म्हणजे एखाद्या जागरणाला जायफळ घालून दुधात उकळलेले पेय, एवढीच तिची ओळख. तिचे झाड मी पहिल्यांदा पाहिले ते शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला. उन्हाळी सरी पडून गेल्या होत्या आणि फांद्या पांढऱ्या फुलांनी लगडल्या होत्या. वास थेट जाईचा. चार दिवसांत ही फुले गळतात, हे तिथेच कळले आणि बाबा बुदन हे नावही.

बँकेत उभा जन्म गेल्यामुळे मला कागद मागायची सवय. सतराव्या शतकातल्या या सूफी संताच्या नावावर मात्र कागद नाही, आहे ती लोकपरंपरा. हजहून परतताना बाबा येमेनच्या मोखा बंदरी थांबले. कॉफी ही येमेनची मक्तेदारी. परमुलखात रुजू नये म्हणून बी उकडून वा भाजूनच बाहेर जाई. बाबांनी सात कच्च्या बिया अंगाशी लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरजवळच्या चंद्रगिरीवर लावल्या. कायद्याने ही तस्करीच! पण कच्चे बी काही महिनेच उगवण्याजोगे राहते. त्यामुळे बाबांनी वाटेत फार रेंगाळून चालले नसते.

फूल गळाल्यावर आठ-नऊ महिन्यांनी फळ लाल होते. आत चिकट गर आणि दोन हिरवट बिया. गर काढून, वाळवून त्या भाजतात. दोनशे अंशांच्या आसपास बी लाहीसारखे तडतडते आणि घरभर दरवळ सुटतो. कसबी चव घेणारा चमचाभर कॉफीचा मोठ्याने भुरका मारतो, जिभेवर घोळवतो आणि थुंकून टाकतो.

पुढचा हिशेब मात्र कागदावर आहे. 1699 मध्ये डचांनी मलबारातून रोपे जावाला नेली. तिथून 1706 मध्ये एक झाड आम्स्टरडॅमला गेले, 1714 मध्ये त्याचे रोप फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट मिळाले आणि त्याच वंशाची झाडे अमेरिका खंडात पोहोचली. सात बियांच्या ठेवीवर एवढे व्याज मी कुठल्याच खात्यात पाहिले नाही. त्या डोंगराला आज बाबा बुदनगिरी म्हणतात. तिथल्या कॉफीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

डोंगरावरच्या गुहेत मुसलमान दर्गा मानतात, हिंदू दत्तात्रेयांचे पीठ. आम्हांला यात नवल नाही. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईला सैलानीबाबांच्या यात्रेत नारळ वाहणाऱ्याची जात कोण विचारतो? त्या गुहेसाठी मात्र अनेक दशके कोर्टकचेऱ्या झाल्या. ज्याने आपल्यासाठी कागदाचा चिटोराही ठेवला नाही, त्याच्या दारात फायलींचे ढीग साचले, याचे वाईट वाटते. आता घरी कधी कॉफी झाली, की पहिला घोट घेताना मला बाबा आठवतात. त्यांनी लावलेल्या झाडाची फळे कोणी खायची, याचा करार त्यांनी कोणाशीच केला नव्हता.